एकच शर्ट तीनदा शिवा

सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांब होतं, त्यातला मुख्य भाग असा:

"ताई, मी 43 वर्षांचा, बँकेत नोकरी करतो. तयार शर्ट छातीला बसला तर पोटावर ताणतो आणि पोटाला बसणारा घेतला तर खांदे खाली उतरतात. म्हणून आपणच शिवायला शिकावं असं मनात आलं. घरी आईचं पायमशीन आहे. आई ब्लाउज, परकर, झबली छान शिवते, पण शर्ट तिने कधी शिवला नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी दोन शर्ट शिवले. पहिल्याची कॉलर एका बाजूला टोकदार आणि दुसऱ्या बाजूला बोथट झाली. दुसऱ्यात आईच्या पद्धतीने दोन्ही बगला, म्हणजे कडेच्या शिवणी, आधी शिवून मग बाही लावली, तर बाहीचं इंचभर कापड उरलं आणि मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतात त्या गोलावर, चुण्या पडल्या. शिवणक्लासला चौकशी केली तर सगळीकडे 'फक्त महिलांसाठी'. बायको म्हणते, कापड नासण्यापेक्षा शिलाई देऊन शिवून घ्या. या वयात मला हे जमेल का? मोटरचं नवं मशीन घेऊ का? ओव्हरलॉक लागेल का? आणि सुरुवात नेमकी कुठून करू?"

नमस्कार,

जमेल. वयाचा प्रश्न मनातून काढून टाका. शर्टाला लागतो तो स्थिर हात आणि मोजून काम करायची सवय. दिवसभर आकडे जुळवणाऱ्या माणसाला ती सवय असतेच. पुरुषाने शिवण शिकावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण 'फक्त महिलांसाठी' ऐकून मन खट्टू झालेलं पत्रात जाणवतं. संत नामदेव शिंपी घरातले, आणि आपल्याकडचे शर्ट-पँट शिवणारे आजही बहुतेक पुरुषच आहेत. क्लासमध्ये ब्लाउज आणि ड्रेस शिकवतात, शर्ट बहुधा शिकवतच नाहीत. त्यामुळे तिथे प्रवेश मिळाला नाही म्हणून तुमचं फारसं अडलेलं नाही.

पत्नीचं म्हणणं पैशाच्या हिशेबाने बरोबर आहे. कापड, कॉलर ताठ ठेवणारं बकरम, दोरा, सुया यांचा खर्च आणि वाया जाणारे तुकडे धरले, तर निदान पहिलं वर्षभर शिलाई देणंच स्वस्त पडेल. हे त्यांना आपण होऊन सांगून टाका, म्हणजे दर शर्टाला तो वाद उकरला जाणार नाही. पैसे वाचवायला नाही, तर अंगाला बसणारा शर्ट हवा म्हणून तुम्ही शिकताय, आणि हे कारण पुरेसं आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोन वेगळे शर्ट शिवलेत, तेही बहुधा दोन वेगळे व्हिडिओ बघून. पहिल्यात कॉलर चुकली, दुसऱ्यात बाही चुकली. अशाने चूक मापाची होती, बेतण्याची होती की शिवण्याची, हे समजायला काही आधारच उरत नाही. शिकाऊ माणसाचा हात तयार होतो तो पुन्हा पुन्हा तेच शिवून. तेव्हा पुढचे काही महिने एकच शर्ट शिवा. पॅटर्न तोच, कापडाची जात तीच, शिवायचा क्रम तोच. दर वेळी फक्त एक गोष्ट नवी घ्यायची. पहिला शर्ट अर्ध्या बाहीचा, गळ्याला नुसती उभी पट्टी. दुसरा तसाच, पण त्या पट्टीवर कॉलर. तिसरा पूर्ण बाहीचा, कफ लावून. तिसरा हातावेगळा होईपर्यंत चौकटीच्या कापडाकडे, दोन खिशांकडे किंवा गोलाकार घेराकडे (घेर म्हणजे शर्टाची खालची कड) बघूसुद्धा नका.

पॅटर्न कुठून आणायचा? छातीचा चौथा भाग अधिक अमुक, सहावा भाग वजा तमुक, अशा सूत्रांनी कागदावर आखायची पद्धत चांगली आहे, पण ती नंतर शिका. सध्या कपाटातला एखादा जुना, विटलेला शर्ट काढा, ज्याचे खांदे आणि मुंढे तुम्हाला नीट बसतात. पोटावर ताणत असला तरी चालेल, त्याचा उपाय पुढे सांगते. हा शर्ट उसवायचा, पण अर्धाच. डावी बाजू पूर्ण उसवा, उजवी जशीच्या तशी राहू द्या. पुढे कधी अडलात, म्हणजे पट्टीत कॉलर कशी अडकवलीय किंवा बगलेची शिवण कुणीकडे दुमडलीय हे कळेनासं झालं, की उजवी बाजू उलटी करून बघायची. यासारखा मास्तर तुम्हाला कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही.

उसवताना जवळ वही ठेवा. काय सुटलं, कशाच्या आधी सुटलं, ते ओळीने लिहीत जा. शिवताना जे शेवटी शिवलं जातं तेच उसवताना आधी मोकळं होतं: आधी घेराची दुमड, मग कफ, मग बगल आणि बाहीची लांब शिवण, मग मुंढा, मग कॉलर, मग खांदा. काम झालं की ती यादी खालून वर वाचा. तोच तुमचा शिवायचा क्रम. टाके ओढून तोडू नका. दर चार-पाच टाक्यांनी एक टाका कात्रीच्या टोकाने कापायचा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढून घ्यायचा, म्हणजे कडा ताणल्या जात नाहीत. तुकडे इस्त्री करून ब्राऊन पेपरवर ठेवा आणि पेन्सिलीने कडेकडेने आखा. प्रत्येक कागदावर नाव लिहा, किती नग कापायचे ते लिहा आणि उभ्या धाग्याची दिशा बाण काढून दाखवा. मुंढ्यावर आणि बाहीच्या गोलावर जुळणाऱ्या जागी छोट्या खाचांच्या खुणा करा: पुढच्या बाजूला एक, पाठीकडे दोन. बाहीची पुढची बाजू जास्त खोल कापलेली असते. खूण नसेल तर उजवी-डावी बाही हमखास अदलाबदल होते.

आता पोटाचं. पोटाचं माप उभ्याने घ्या आणि खुर्चीत बसूनही घ्या. बसल्यावर ते वाढतं आणि बँकेत तुमचा दिवस बसूनच जातो. वाढवायचं ते फक्त पुढच्या दोन भागांच्या बगलेकडच्या कडेला. मुंढ्याच्या खाली दोन-तीन इंच कड तशीच राहू द्या, तिथून हळूहळू बाहेर काढत पोटाच्या रेषेवर प्रत्येकी पाऊण इंच वाढवा आणि तसेच घेरापर्यंत या. दोन्ही मिळून दीड इंच मिळतो. पाठ जशीच्या तशी. पोटामुळे पुढचा घेर वर उचलला जातो, म्हणून पुढच्या भागाची उंची मधोमध अर्धा इंच जास्त धरा आणि बगलेपर्यंत येताना ती वाढ शून्यावर आणा, नाहीतर बगलेला पुढचा भाग आणि पाठ लांबीला जुळणार नाहीत. खांदा आणि मुंढा यांना हात लावायचा नाही. तयार शर्टात मोठा नंबर घेतला की खांदेही वाढतात, तुमची तक्रार तीच आहे. कागदावर मात्र पोट वेगळं वाढवता येतं, खांदा होता तिथेच राहतो.

कापडासाठी तुम्ही नशीबवान आहात, इचलकरंजी तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून सुती कापड हीच त्या गावाची ओळख. पहिल्या चाचणीसाठी मांजरपाट घ्या. स्वस्त असतं, सरकत नाही आणि त्याच्यावर खडूची खूण स्पष्ट उमटते. त्यातून पोट, खांदा, मुंढा एवढंच तपासायचं. कॉलर नको, बटणं नकोत, टाचण्या लावून अंगात घालून बघितलं तरी पुरे. मग खऱ्या शर्टासाठी साधं पॉपलिन, फिकट एकरंगी. गडद रंगावर टीप दिसत नाही. रेयॉन टेबलावरून घसरतं. लिननच्या कडा सुटत राहतात. चौकटी जुळवताना नवशिक्याचा जीव मेटाकुटीला येतो. पन्हा विचारून मगच मीटर सांगा: 36 इंची पन्ह्याला पूर्ण बाहीच्या शर्टासाठी सव्वादोन मीटर लागतं, 58 इंची पन्ह्याला 1.60 मीटरमध्ये भागतं. तुमची छाती आणि पोट बघता दोन्हीकडे पाव मीटर जास्तच घ्या.

बेतण्याआधी कापड आटवा. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी घाईत टाळतं. साधं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन-चार इंच सहज आटतं. शर्टाचा छातीचा घेर 46 इंच धरला, तर जवळजवळ पावणेदोन इंच गेले, म्हणजे पोटावर वाढवलेलं सगळं पाण्यात. जुन्या मिलच्या कापडाच्या काठावर 'सॅन्फोराइज्ड' असा शिक्का असायचा, आईंना आठवत असेल. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या कॉलर-शर्टाच्या एका कंपनीतले सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 साली कापड आधीच आटवून घेण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं, त्यांच्याच नावावरून तो शब्द आला. तुम्ही ताग्यातून कापून आणाल त्या कापडाबद्दल असा भरवसा धरू नका. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, न पिळता सावलीत वाळवा, थोडं दमट असतानाच इस्त्री करा आणि इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवा.

मशीन. नवं घेऊ नका. शर्टाला काजं सोडली तर सरळ टीप तेवढी लागते, आणि सरळ टीप आईंचं मशीन नव्या झिगझॅग मशीनपेक्षा बहुधा छानच मारेल. सरळ टिपेच्या मशीनच्या पत्र्याला सुईपुरतं बारीक गोल छिद्र असतं, त्यामुळे पातळ कापड सुईबरोबर खाली खेचलं जात नाही. झिगझॅगच्या पत्र्याला आडवी फट असते. शिवाय पायमशीनचा वेग तुमच्या पायात असतो. कॉलरच्या टोकाशी एकेक टाका घ्यायची वेळ येते तेव्हा त्याची किंमत कळते. फक्त मशीन साफ करा: दात्यांखालचा कापसाचा मळ ब्रशने काढा, शटलजवळ आणि वरच्या भोकांमध्ये मशीनचंच तेल सोडा. खोबरेल तेल अजिबात नको, ते थिजून चिकट होतं. पट्टा सैल असेल तर थोडा कापून पुन्हा जोडून घ्या. सुई बदला. घरातल्या मशीनला बहुतेक वेळा 16 नंबरची सुई लावलेली असते, ती जाड कापडाची. पॉपलिनला 14 किंवा त्याहून बारीक 11 लावा. टीप इंचाला बारा टाक्यांच्या आसपास ठेवा आणि शर्टाच्याच उरलेल्या तुकड्यावर मारून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास दिसले तर वरचा ताण सैल आहे. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा दिसला तर वरचा ताण जास्त आहे.

आता बाहीचं कोडं. आईंची पद्धत चुकीची नाही, ती ब्लाउजची आहे. ब्लाउजच्या बाहीचा वरचा गोल उंच असतो, ती खांद्यावर फुगीर बसवायची असते. शर्टाच्या बाहीचा गोल बसका, म्हणूनच हात वर केला तरी शर्ट वर ओढला जात नाही. शर्टात खांदा जोडून झाला की बगल मोकळी असतानाच बाही लावायची, सगळं टेबलावर सपाट पसरून. त्यानंतर घेरापासून बगलेपर्यंत आणि तिथून बाहीच्या टोकापर्यंत एकच सलग शिवण मारायची. क्रम एवढा बदललात तरी अर्ध्या चुण्या जातील.

उरलेल्या अर्ध्या मापाच्या आहेत. मुंढा आत वळलेला, बाहीचा गोल बाहेर वळलेला. कापडाच्या कडेवर टेप फिरवली तर मुंढा खऱ्यापेक्षा कमी भरतो आणि बाही खऱ्यापेक्षा जास्त. माप नेहमी टिपेच्या रेषेवर घ्यायचं, म्हणजे कडेपासून जितकं आत शिवणार तितकं आत, आणि टेप आडवी न पसरता तिच्या धारेवर उभी धरायची, मग ती वळणावर नीट वळते. अशा मापाने शर्टाची बाही मुंढ्यापेक्षा फार तर तीन-चार सूत जास्त असावी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पूर्ण इंच उरत असेल तर बाहीचा गोल दोन-तीन सूत बसका करून कागद पुन्हा आखा आणि पुन्हा मोजा. उसवलेल्या शर्टावरून पॅटर्न काढला असेल तर ही वेळ बहुधा येणारच नाही.

शिवताना बाही खाली आणि शर्टाचं अंग वर ठेवा. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरच्या फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब वरचं कापड किंचित मागे रोखतो, म्हणून दोन थरांतला खालचा थर नेहमी थोडा जास्त खाल्ला जातो. बाहीचं ते तीन-चार सूत दाते आपोआप सामावून घेतात. बाही वर ठेवलीत तर तेच कापड फूटच्या पुढे ढिगासारखं जमतं आणि शेवटी चुणी होऊन बसतं. खाचांच्या खुणा जुळवून पाच-सहा टाचण्या लावा, वाटलं तर हाताने कच्चा धावदोरा घाला. त्यात वेळ जातो, जाऊ द्या.

कॉलरसाठी माझं ऐका आणि ती शर्टाबाहेर शिका. तिचा स्वतंत्र धंदा होता हे सांगितलं तर तुम्हाला पटेल. वर ज्या ट्रॉयचा उल्लेख आला, तिथल्या एका गृहिणीने 1820च्या दशकात नवऱ्याच्या शर्टाची मळकी कॉलर तेवढी कापून धुतली आणि परत जोडली, अशी कथा सांगतात. त्यातून सुट्या कॉलरी निघाल्या आणि पुढे त्या गावाला कॉलर सिटी हेच नाव पडलं. तिथले कारखाने कित्येक वर्षं सुट्या कॉलरीच करत होते. तुम्हीही चिंध्यांवर नुसत्या कॉलरी शिवा. दोन्ही टोकं सारखी येईपर्यंत शर्टाला हात लावू नका.

टोकं सारखी का येत नाहीत? कारण आपण खडूच्या रेषेवर शिवतो आणि रेष दोन्हीकडे थोडी वेगळी असते. यावर उपाय बकरमचा. दुकानात इस्त्रीने चिकटणारं बकरम मागा. कॉलरचा कागद मधोमध दुमडून, दोन्ही टोकं एकावर एक ठेवून एकदमच कापा, आणि त्या कागदावरून बकरम शिवणीची जागा न ठेवता, अगदी तयार कॉलरच्या मापाचं कापा. ते वरच्या कॉलरच्या उलट बाजूला इस्त्रीने चिकटवा. इस्त्री फिरवायची नाही, एका जागी दाबून दहा-पंधरा सेकंद धरायची, उचलायची आणि पुढच्या जागी ठेवायची. फिरवलीत तर बकरम सरकतं, त्याचे फोड पुढच्या धुण्यात वर येतात. मग टीप बकरमच्या कडेला लागून मारा, बकरमवर चढू न देता. बकरमची दोन्ही टोकं एकाच वेळी कापलेली असल्यामुळे शिवणही दोन्हीकडे सारखीच पडते. खालची कॉलर वरच्यापेक्षा सूतभर लहान कापा, म्हणजे उलटल्यावर शिवण खालच्या बाजूला दडते.

टोकाशी काय करायचं ते नीट वाचा. एका बाजूने टीप मारत टोकाला आलात की सुई कापडात खाली ठेवा, फूट उचला. कॉलर अर्धी वळवा आणि टोकावर एकच तिरपा टाका घ्या. सुई पुन्हा खाली. आता वीतभर दोरा घेऊन तो दोन थरांच्या मध्ये, सुईला बाहेरून वेढा घालून ठेवा. दोऱ्याची दोन्ही टोकं कॉलरच्या आत, शिवणीपासून दूर. कॉलर पूर्ण वळवा, फूट खाली टाका आणि दुसऱ्या बाजूची टीप सुरू करा. टोकाजवळचं जादा कापड दोन सुतांवर आणा आणि कोपरा तिरपा छाटा, पण टाक्याला कात्री लागू देऊ नका. कॉलर उलटवा आणि तो दोरा दोन्ही टोकांनी धरून हळूच ओढा. टोक धारदार बाहेर येतं. मग दोऱ्याचं एक टोक सोडून दुसरं ओढलं की तो निघून जातो. कात्रीचं टोक आत खुपसून कोपरा बाहेर काढायची सवय लावू नका. पुष्कळ कॉलरींची टोकं त्यानेच फाटतात. तुमच्या पहिल्या शर्टाचं बोथट टोक आत दडपून राहिलेल्या जादा कापडामुळे झालं असणार, उसवून बघा.

गळ्याच्या पट्टीचा सराव पहिल्या शर्टात झालेला असेल, म्हणून दुसऱ्यात कॉलर जड जाणार नाही. पट्टीचा मध्य, कॉलरचा मध्य आणि पाठीचा मध्य, तिन्ही जुळवून मधूनच टाचायला सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना बाहेर जा. गळ्याच्या कडेला आधी एक साधी टीप मारून ठेवा, नाहीतर तिरप्या धाग्यामुळे गळा हाताळतानाच मोठा होतो आणि पट्टी अपुरी पडते.

ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची मोकळी कड दोऱ्यांनी गुंडाळणारं मशीन, नको. चांगल्या शर्टाच्या आत मोकळी कडच नसते. बगल शिवताना एका भागाची कड दुसऱ्यापेक्षा तीन सूत बाहेर ठेवून टीप मारा, लांब कड आखूड कडेवर दुमडून तिला गुंडाळून घ्या, सगळं एका बाजूला आडवं पाडून कडेने दुसरी टीप मारा. जुन्या शर्टाची उजवी बाजू उलटी केलीत की ही शिवण तिथे बहुधा दिसेल. मुंढ्यावर हे वळणामुळे अवघड जातं, तर पहिल्या दोन शर्टांचे मुंढे पेठेत पिको-फॉलवाल्याकडे नेऊन ओव्हरलॉक करून आणा. त्यात कमीपणा नाही.

कफ आणि बाहीची फट याबद्दल आत्ता लिहीत नाही, ते तिसऱ्या शर्टाचं काम. त्या वेळी व्हिडिओ बघा, पण एकाच शिकवणाऱ्याचा धरून ठेवा. प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा केला की तुकडे जुळत नाहीत. आणि पेठेतल्या एखाद्या जुन्या शर्ट-टेलरकडे शनिवारी संध्याकाळी तासभर बसता येतं का विचारा. तयार कपड्यांमुळे त्यांचं शिलाईचं काम कमी झालंय, शिकवणीचे पैसे दिलेत तर बरेच जण आनंदाने दाखवतील. रिकाम्या हाताने जाऊ नका. शिवलेली कॉलर घेऊन जा आणि "इथे काय चुकलं?" एवढंच विचारा. 'शर्ट शिकवा' म्हटलं की समोरच्याला सुरुवात कुठून करावी कळत नाही. कॉलर हातात दिली की तो तिचं टोक चिमटीत धरून बोलायला लागतो.

शेवटी काजं. पुरुषांच्या शर्टाला काजं घालणाऱ्याच्या डाव्या पुढ्यावर येतात, बटणं उजव्या. गळ्याच्या पट्टीवरचं काज आडवं, खालची सगळी उभी. जागा ठरवताना वरून मोजत येऊ नका. शर्ट अंगात घाला, खुर्चीत बसा आणि पोट जिथे सर्वांत पुढे येतं तिथे पहिली खूण करा. तिथे बटण असलंच पाहिजे. मग त्या खुणेपासून वर आणि खाली साधारण साडेतीन इंचांवर बाकीच्या खुणा करा. तयार शर्टाची बटणं सरासरी मापावर लावलेली असतात, म्हणून तुमच्या पोटावर दोन बटणांच्या मधली फट उघडते. काजं आईंकडून शिका. झबली शिवणाऱ्या बाईला हाताचं काज येतंच, आणि शर्टाच्या या भागात त्या तुमच्यापेक्षाच काय, पुष्कळ टेलरांपेक्षा सरस असतील. मशीनचं काज करून आणलंत तर ते फाडताना दोन्ही टोकांना आतल्या बाजूने टाचणी आडवी लावा, ब्लेड टाक्यांच्या पुढे जाणार नाही.

पहिला शर्ट झाला की फोटो पाठवा. एक अंगात घातलेला, एक उलटा करून बगलेच्या शिवणीचा. दुसऱ्या फोटोवरून मला जास्त सांगता येईल.